कुणी न सांगितलेली तपासणी

रिपोर्ट चांगले आले म्हणजे आपण सुटलो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मलाही तसंच वाटायचं. आता मी बरी आहे. शाळेत जाते, जिना चढते, भांडतेसुद्धा. पण हे लिहायला बसलं की अजून डोकं तापतं, आणि तो राग झाकून शहाण्यासारखं लिहिणं मला जमणार नाही. ज्यांना फक्त धीराचे शब्द हवे असतील त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

मी मंजिरी. बडोद्याच्या घडियाळी पोळेत वाढले, लग्न होऊन तिथल्याच हरणीला आले. एका गुजराती शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या पोरांना हृदयाचे चार कप्पे फळ्यावर काढून दाखवण्यात माझी हयात गेली.

वाढदिवसाचं रक्त

दरवर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात मी रक्त तपासून घ्यायची. नारळीभात, नवी साडी आणि कोलेस्टेरॉल, असा माझा वाढदिवस. सकाळी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त न्यायचा, संध्याकाळी फोनवर रिपोर्ट. माझ्या रिपोर्टात एकही आकडा लाल नसायचा. अविनाशच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या रिपोर्टात दोन-तीन तरी असायचेच. रविवारची सेव-उसळ सोडायची नाही आणि रिपोर्ट आला की चेहरा पाडून बसायचं, ही त्यांची पद्धत.

"अहो, हे रक्त आहे की उसळीची तर्री?" मी विचारायची.

"हसून घे," ते म्हणायचे.

"हसणारच. आमच्या घरात हृदयाचं कुणाला काही नाही. बाबा झोपेत गेले. दादा एवढा साठीला आला, त्याचं फक्त पित्ताशय बिघडलं. आमच्याकडचं रक्तच चांगलं."

यावर ते गप्प बसायचे. त्यांना बोलायला जागाच उरली नाही, असं मला वाटायचं.

दाढ

त्या दिवशी शाळेत सकाळपासून डावीकडची खालची दाढ ठणकत होती. दाढेपासून कानापर्यंत आणि तिथून खाली मानेत. छातीत काही नाही. छातीत दुखलं असतं तर मी विज्ञानाची बाई, मला कळलं असतं, असं मी आजही स्वतःला सांगते. मधल्या सुट्टीत लवंग धरली. काही उपयोग झाला नाही म्हणून शाळा सुटल्यावर रिक्षा करून थेट दाताच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर म्हणजे एक तरुण गुजराती मुलगी. तिने तोंडात आरसा घालून बघितलं, दाढेवर ठोकून बघितलं आणि म्हणाली, "बेन, दाढ तो एकदम सारी छे." म्हणजे दाढ चांगली आहे. मग माझ्या कपाळाकडे बघून तिने विचारलं, "ए.सी. चालू छे, तो परसेवो केम वळे छे?"

घाम आला होता हे मला तिने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. ब्लाउज पाठीला चिकटला होता. तिने पुढचा पेशंट बसवून ठेवला, मला स्वतःच्या गाडीत घातलं आणि हॉस्पिटलच्या दारात नेऊन सोडलं. जाताना रिसेप्शनवरच्या माणसाला दोन शब्द असे सुनावले की त्याने कागद नंतर भरायचं कबूल केलं. तिने माझ्याकडून फी घेतली नाही. नंतर मी तिच्याकडे दाताची सफाई करून आले, तेवढीच परतफेड.

दुसऱ्यांदा रक्त

ई.सी.जी.ची पहिली पट्टी काढली ती धड चांगली नव्हती, धड वाईट नव्हती. मग रक्त घेतलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो, तो बघायचा होता. पहिल्यांदा थोडासाच दिसला. "फरीथी जोईशुं," डॉक्टर म्हणाले. म्हणजे परत बघू. काही तास थांबून परत रक्त घ्यायचं. तोपर्यंत पडून राहायचं आणि आपल्या रक्तात काय उतरतंय याचा विचार करायचा.

आजारपणातली सगळ्यात वाईट वेळ कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. सुया, नळ्या, ऑपरेशन टेबल, यांत काहीतरी चाललेलं असतं. त्या मधल्या तासांत काहीच चाललेलं नसतं. अविनाश धावत आले होते, त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी त्यांना नीट लावायला सांगितली. त्यांना ती लावता येईनात.

दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट आला. डॉक्टर पलंगाशी येऊन म्हणाले, "मंजिरीबेन, अॅटॅक छे. हमणां ज लई जईए." म्हणजे आत्ताच आत न्यायचं.

मी काय म्हणाले असेन? "पण डॉक्टर, माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे!" एखाद्या मुलाने नापास झाल्यावर वर्गातली हजेरी दाखवावी, तसं ते झालं. डॉक्टर हसले नाहीत. एक नळी बंद होती, तिच्यात स्टेंट बसवला. हृदयाचा थोडा स्नायू गेला तो गेलाच, तो परत येणार नाही, हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

वांग्याचा हात

अतिदक्षता विभागात उजाडायच्या आधी सुई येते. माझ्या शिरा मुळातच लाजऱ्या. दोन्ही हात वांग्यासारखे जांभळे झाले होते. हेतल नावाची एक सिस्टर होती, ती रोज तेच म्हणायची, "मुठ्ठी वाळो, बेन. हवे छोडो." मूठ वळा, आता सोडा. तिच्या हाताला जादू होती, एका टोचण्यात काम. इतर कुणी ट्रे घेऊन आलं की मी झोपेचं सोंग घ्यायची.

जेवायला मिठाविना खिचडी आणि गोड डाळ. बडोद्यात जन्म गेला तरी गोड डाळ माझ्या घशाखाली उतरत नाही. एके सकाळी हेतलने माझे केस विंचरले आणि घट्ट वेणी घातली. कितीतरी वर्षांत कुणी माझी वेणी घातली नव्हती. मी तोंड भिंतीकडे करून रडून घेतलं, मॉनिटरवरचे ठोके वाढले आणि तिला वाटलं मला परत काही झालं.

दादा भेटीच्या वेळेला आला. माझा मोठा भाऊ, बडोद्यातच समा भागात राहतो, इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेला. बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. माझी फी, माझं लग्न, सगळं दादानेच बघितलं. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, चादरीवरून माझे पाय धरले आणि हुंदके देऊन रडायला लागला. वहिनी त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या गुजराती बा म्हणाल्या, "भाई होय तो आवो." भाऊ असावा तर असा.

मलाही तेव्हा तसंच वाटलं.

घरात कुणाला?

डिस्चार्जनंतरच्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला हृदयविकार? मी ताडकन "नाही" म्हणाले.

"वडील?"

"झोपेत गेले. अगदी शांत. आदल्या संध्याकाळी मांडवीच्या बाजारात फिरून आले होते."

"वय काय होतं?"

"पन्नाशी नुकतीच झाली होती."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. आमच्या घरात बाबांचं जाणं हे भाग्याचं मरण मानतात. पुण्यवान माणूस, कुणाची सेवा घेतली नाही, असं अजून सगळे म्हणतात. दर श्राद्धाला हे वाक्य होतं. धडधाकट माणूस पन्नाशीत झोपेत का जाईल, हे कुणी कधी विचारलं नाही. विज्ञानाच्या बाईंनीही नाही.

डॉक्टरांनी एक जास्तीची रक्ततपासणी लिहून दिली. लायपोप्रोटीन-ए. नाव ऐकून घाबरू नका, मीही आधी ऐकलं नव्हतं. चरबीचाच एक प्रकार, पण तो आईबापांकडून येतो. पथ्य करून फारसा कमी होत नाही, फरसाण खाऊन फारसा वाढत नाही. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात तो वेगळा दिसत नाही, मुद्दाम मागावा लागतो. बहुतेकांना ही तपासणी जन्मात एकदा केली तरी पुरते.

माझा आकडा इतका वर होता की लॅबवाल्यांनी फोन करून परत खात्री केली.

इतकी वर्षं मी ज्या रिपोर्टावर नाचत होते तो खोटा नव्हता. त्याला जे विचारलं होतं तेवढंच तो सांगत होता. पण मला फसल्यासारखं वाटलं ते वाटलंच. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी ही तपासणी एकदा करून घेतलीच पाहिजे. आकडा जास्त निघाला तर बाकी सगळं वेळेवर सांभाळता येतं. तुम्हाला आधी कळलं असतं तर आपण कदाचित आज इथे भेटलो नसतो."

क्लिनिकच्या पायऱ्यांवरूनच मी दादाला फोन लावला. माझ्या काळजाचा ठोका चुकला होता तो त्याच्यासाठी. "दादा, तू आधी तपासून घे. आणि केतकीचंही करून घे." केतकी म्हणजे त्याची एकुलती मुलगी. तिचं बारसं झालं तेव्हा आत्या म्हणून तिच्या कानात नाव मीच सांगितलं.

"हो, बघतो," दादा म्हणाला. मग वहिनींनी फोन घेतला. "मंजूताई, तुम्ही आराम करा ने. आमचं आम्ही बघू."

मी काही आराम केला नाही. रोज फोन करून त्याच्या मागे लागले. आज करतो, पुढच्या सोमवारी करतो, वहिनींना बरं नाही. शेवटी मीच त्याच्या घरी लॅबचा माणूस पाठवला. वहिनींनी त्याला पाणी देऊन परत पाठवलं.

जिभेखालची गोळी

मग एका रविवारी दादा-वहिनी आले. माझ्या गोळ्यांचा डबा टेबलावर होता. दादाने सहज तो उघडला, एक पाकीट उचललं आणि म्हणाला, "ही जेवणानंतर घे हं. रिकाम्या पोटी घेतलीस की जळजळ होते." मग छोटी बाटली उचलली. "आणि ही जिभेखाली धरायची वेळ आली तर बसून धर. उभ्याने धरलीस की घेरी येते. मला एकदा..."

तो थांबला. वहिनी खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"तुला एकदा काय, दादा?"

त्याने बाटली परत डब्यात ठेवली. मी अविनाशकडे बघितलं. ते बशीतला चहा हलवत बसले होते, त्यात हलवण्यासारखं काही नसताना.

दोन वर्षांपूर्वी दादा अहमदाबादला पित्ताशयाचं ऑपरेशन करून घ्यायला गेला होता. बडोद्यात इतकी हॉस्पिटलं असताना तिकडे का, असं मी विचारलं होतं, तेव्हा ओळखीचे सर्जन आहेत असं सांगितलं. परत आल्यावर महिनाभर मी रोज हरणीहून समाला डबा नेला. पित्ताशय काढलेल्या माणसाला काय चालतं ते चार जणींना विचारून, तेलाचा थेंब न घालता दुधी, मुगाचं कढण, भाताची पेज. दादा म्हणायचा, "मंजू, तुझ्या हाताला चव आहे." वहिनी डबा धुऊन परत द्यायच्या.

शेवटी दादाने सांगितलं तेव्हा कळलं, पित्ताशयाला काही झालेलंच नव्हतं. त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते. आणि तिथल्या डॉक्टरांनी हीच तपासणी केली होती, हाच पदार्थ निघाला होता, आणि हेच वाक्य सांगितलं होतं. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना सांगा.

"दोन वर्षं," मी म्हणाले. "दोन वर्षं तुला माहीत होतं?"

"तुझे रिपोर्ट चांगले यायचे," दादा म्हणाला. "तूच सांगायचीस सगळ्यांना. मला वाटलं तुझ्यात आलं नसेल."

"वाटलं?"

"केतकीची स्थळं बघत होतो गं. तुला आपल्या मंडळींची तऱ्हा माहीत आहे. बडोद्यात मराठी घरं किती? एकाला कळलं की गणपतीच्या आरतीपर्यंत सगळ्यांना कळतं. वडिलांना हार्ट, आजोबांना हार्ट, रक्तातच आहे म्हटल्यावर कोण मुलगी करून घेईल? तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस का?"

नसते बसले. हे त्याचं बरोबर होतं, आणि त्याचा मला जास्त राग आला. दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर मी उपाय केले असते, आणि दुखणाऱ्या दाढेला लवंग लावत बसले नसते. हॉस्पिटलात माझे पाय धरून तो का रडत होता, ते मला त्या टेबलाशी बसून कळलं.

डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी चिडले. जे तोंडाला आलं ते बोलले. वहिनींनी "मंजूताई, तब्येत" म्हटलं तेव्हा मी त्यांना म्हणाले की माझ्या तब्येतीची आठवण तुम्हाला फार उशिरा झाली.

माझ्या गळ्याची शपथ

ते गेल्यावर मी अविनाशना एकच विचारलं. "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"मीच गाडी चालवत नेलं होतं ना त्यांना अहमदाबादला."

मला तर रेल्वेतल्या एका मित्राकडे जातोय असं सांगून गेले होते. म्हणजे मी सोसायटीभर माझ्या घराण्याच्या हृदयाची टिमकी वाजवत होते, तेव्हा माझ्यासमोर बसलेल्या या माणसाला माझ्या सख्ख्या भावाच्या छातीतले स्टेंट माहीत होते. "तपासणीचं मला खरंच ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "ते डॉक्टर दादांशी आत बोलले. मला फक्त ऑपरेशनचं माहीत होतं. तपासणीचं कळलं असतं तर..."

"ऑपरेशनचं तरी का नाही सांगितलंत?"

"दादांनी शपथ घातली होती."

"कुणाची?"

त्यांनी टेबलावरचे कप उचलून ठेवले. मग म्हणाले, "तुझी. मंजूच्या गळ्याची शपथ आहे अविनाशराव, कुणाला बोललात तर, असं म्हणाले. मी कशी मोडणार गं?"

हसावं की रडावं ते मला कळेना. शपथ मोडली तर जिच्या गळ्याची घेतली तिच्या जिवाला होतं, हे आमच्याकडे लहानपणापासून डोक्यात भरवलेलं. रिफायनरीत आयुष्यभर मोठाली यंत्रं चालवलेला माणूस, पण माझ्या गळ्याची शपथ मोडायला घाबरला. मी जगावी म्हणून तो गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्यापायी मी मरता मरता वाचले. भावाच्या आजाराचं मला वेळेवर कळलं असतं तर मी तेव्हाच डॉक्टरांना विचारलं असतं आणि वाढदिवसाच्या रक्ताबरोबर ही एक तपासणीही झाली असती.

काही दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मीठ कमी झालं का, गॅसवाला आला होता का, एवढंच. त्यांनी सेव-उसळ सोडली. मी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नाही. रविवारी सकाळी घरीच बसून राहायला लागले. त्यांना मी माफ केलं का? थोडं केलं आहे. ते फसवणाऱ्यातले नाहीत, घाबरणाऱ्यातले आहेत. तरी माझ्यापासून लपवलं ते लपवलंच.

केतकी

केतकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा बडोद्यातलाच, चांगल्या घरातला. दादाने मला फोन करून सांगितलं, "लग्न होईपर्यंत एवढं सांभाळ. कुणी विचारलं तर टेन्शनने अॅटॅक आला म्हण. शाळेचं टेन्शन. केतकीला लग्नानंतर मी स्वतः सांगतो."

"तिची तपासणी?"

"लग्नानंतर."

"आणि लग्नानंतर मूल होईपर्यंत थांब म्हणशील. तिला कळायला नको का, दादा? तिचं शरीर आहे ते."

तेव्हा तो म्हणाला, "मंजू, तुला केतकीच्या गळ्याची शपथ आहे." आणि फोन ठेवला.

मी खरं सांगते, मी घाबरले. मुलांना अंधश्रद्धेवर भाषण देणारी मी, फोन हातात धरून तशीच उभी राहिले. दादा माझा बाप होता एक प्रकारे. त्याने आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. अविनाश म्हणाले, "तिचे आईवडील आहेत, त्यांना ठरवू दे. आपण मध्ये पडू नये." वरण ढवळता ढवळता मी ते ऐकत होते, आणि माझ्या बाबतीतही दोन्ही घरांत हेच बोललं गेलं असणार, हे माझ्या लक्षात आलं. आपण मध्ये पडू नये. मी गॅस बंद केला आणि केतकीला ऑफिस सुटल्यावर घरी बोलावलं.

तिला सगळं सांगितलं. तिच्या बाबांचं, आजोबांचं, माझं, त्या पदार्थाचं. ती गुडघे पोटाशी घेऊन सोफ्यावर ऐकत बसली होती. माझं संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे बाबांचं पित्ताशय अजून जागेवर आहे?"

आम्ही दोघी हसलो. मग ती रडली, आणि मला म्हणाली, "आत्या, मला सांगणारं एकही माणूस घरात नव्हतं?"

होणाऱ्या नवऱ्याला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. मी दम धरून बसले होते. तिने रात्री फोन करून सांगितलं की त्याने फक्त एवढंच विचारलं, तपासणीला उपाशी जायचं का. ज्याच्या भीतीने दादा दोन वर्षं झोपला नव्हता, ते एवढ्यावर मिटलं.

दोन आकडे

केतकी आणि माझा मुलगा रोहन, दोघांनी एकाच आठवड्यात रक्त दिलं. रोहन बंगळुरूला असतो, पंचवीस वर्षांचा आहे. त्याने रक्त दिल्याचं मी वहिनींना स्वतः फोनवर सांगितलं होतं. वहिनी "हं" म्हणाल्या.

रोहनचा आकडा वर आला. माझ्याइतका नाही, पण बराच वर. मी रिपोर्ट उघडला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. माझ्याकडून गेलं होतं ते. डॉक्टरांनी सांगितलं की आत्ता गोळी नको. सिगारेट नको, वजन, ब्लडप्रेशर आणि साखर सांभाळायची, कोलेस्टेरॉलवर कायम लक्ष ठेवायचं. वेळेवर कळलंय, म्हणून भीती कमी. रोहन फोनवर म्हणाला, "आई, रडू नकोस ना. मला माहीत आहे, हे बरंच आहे." बंगळुरूच्या खोलीत एकटा बसलेला मुलगा मला समजावत होता.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरात कुणी तरुणपणी झोपेत गेलं असेल, कुणाचं पित्ताशय अचानक दुसऱ्या गावी काढलं असेल, तर विचारा. वाईटपणा घेऊन विचारा. आणि तुम्हाला स्वतःला काही निघालं तर भावंडांना सांगा. लग्नकार्य असलं तरी सांगा.

केतकीचा आकडा नॉर्मल आला. अगदी नॉर्मल. तिच्यात ते आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. स्कूटर नीट स्टँडवर न लावताच फाटकातून हाक मारत आत आला. कितीतरी महिन्यांत त्याचा असा चेहरा मी बघितला नव्हता. "सुटलो गं मंजू! बघितलास ना रिपोर्ट? पोरीला काही नाही!"

"बघितला. देवाची कृपा." ते मी मनापासून म्हणाले.

"दोन वर्षं नुसता जळत होतो मी."

"दोन वर्षांपूर्वीच तिचं रक्त दिलं असतंस तर तेव्हाच सुटला असतास. लपवण्यासारखं काही नव्हतंच तुझ्याकडे, दादा. तुझ्या मुलीत काही नव्हतं. आणि त्यापायी तू मला सांगितलं नाहीस."

"झालं ते झालं. आता मनात ठेवू नकोस." त्याने पेढा माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. त्याला वाटलं पथ्य असेल. त्याने तो अविनाशना दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं मी कशाची वाट बघते आहे.

दादा बसला, पाणी प्यायला, हॉलवाल्याचं सांगितलं, आचारी कुठला ठरवला ते सांगितलं. "घाणा भरायला चार दिवस आधीच यायचं हं दोघांनी. आत्याशिवाय कसं होईल?" मी हो म्हणाले. मग तो उठला. मी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेले. त्याने चपला घातल्या, स्कूटर वळवली, फाटकापाशी एकदा थांबून मागे बघितलं. मी पायरीवर उभी होते. तो हसला, हात हलवला आणि समाच्या रस्त्याला लागला.

रोहनचं काय आलं, हे त्याने विचारलं नाही.